नवीन स्टेशनरी फेज चालत नाही? लिगँड बदलण्याआधी त्याच सिलिकेवर एक साधा सी-१८ करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एचपीएलसीच्या कॉलममध्ये भरलेल्या सिलिकेच्या कणांवर बसवलेला सेंद्रिय गट म्हणजे लिगँड, दोन्ही मिळून स्टेशनरी फेज, आणि सी-१८ म्हणजे अठरा कार्बनची साखळी असलेला नेहमीचा लिगँड. पीएचडीचं दुसरं वर्ष, ५ मायक्रॉनची, १०० अँगस्ट्रॉम पोअरची सिलिका, ३०० चौरस मीटर प्रति ग्रॅम. तिच्यावर आधी अमिनोप्रोपिल सायलेन (सिलिकेला धरणारं सिलिकॉनचं संयुग, ट्रायइथॉक्सीवालं) बसवलं, मग त्या अमाईनवर नॅफ्थॉइल क्लोराईड टाकून अमाइड केलं. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) अमाइडचा पीक आला, सीएचएनएसमध्ये (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीत) कार्बन ९.० टक्के आणि नायट्रोजन १.१ टक्के. १५० बाय ४.६ मिलिमीटरचा कॉलम पॅक केला तर प्लेट्स (पीक किती अरुंद येतो याचं माप, जास्त तितकं चांगलं) आल्या ३०००, सगळ्या पीकना शेपट्या आणि नायट्रोॲनिलीनचे तीन आयसोमर एकमेकांच्या अंगावर. आता गाईड म्हणतायत लिगँडमध्येच दम नाही, एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंचे सच्छिद्र स्फटिक) करूया, नॉव्हेल्टीपण मिळेल. तर लिगँड बदलू का?

नका बदलू, निदान अजून तरी नको. मी एकवीस वर्षं बाँडिंग (लिगँड सिलिकेवर बसवणं) आणि पॅकिंगच (फेज कॉलममध्ये भरणं) करतेय आणि तुमच्या जागी मीही एकदा हेच केलं होतं, एकामागून एक चार लिगँड बदलले आणि चारही कॉलम सारखेच भिकार निघाले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की चारही कॉलममध्ये न बदललेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे माझे हात.

तुमच्या आकड्यांत मला दोन वेगळे आजार दिसतायत आणि तुम्ही दोन्हींचं बिल लिगँडच्या नावावर फाडताय. एक आजार पॅकिंगचा, दुसरा बाँडिंगचा. लिगँडची बाजू तर अजून ऐकूनच घेतली गेलेली नाही.

आधी प्लेट्सचं बघू. १५० मिलिमीटर भागिले ३००० म्हणजे एका प्लेटची उंची ५० मायक्रॉन. तुमचा कण ५ मायक्रॉनचा, म्हणजे प्लेट कणाच्या दहापट उंच झाली. नीट पॅक केलेल्या पूर्ण सच्छिद्र सिलिकेच्या कॉलमला हा आकडा दोन-अडीचच्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे १२ ते १५ हजार प्लेट्स. दोन-अडीचच्या जागी दहा हा किरकोळ फरक नाही, काहीतरी ढळढळीत चुकलंय.

आता शेपट्या. तुम्ही गृहीत धरलंय की शेपटी आली म्हणजे सिलॅनॉल (सिलिकेच्या पृष्ठभागावरचे उघडे ओएच गट). पण नायट्रोॲनिलीन हे नावालाच ॲनिलीन आहेत हो. नायट्रो ग्रुपने त्या नायट्रोजनची सगळी बेसिसिटी ओढून घेतलेली असते, तुमच्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) ते न्यूट्रलच असणार, सिलॅनॉलवर आयन एक्स्चेंजने अडकायला त्यांच्यावर चार्जच नाही. हायड्रोजन बाँडिंगने थोडं काही होऊ शकतं, ते मान्य, पण न्यूट्रल रेणूंना जेव्हा सरसकट, सारख्या आकाराच्या शेपट्या येतात तेव्हा मी केमिस्ट्रीकडे बघायच्या आधी कॉलमच्या तोंडाकडे बघते.

त्यामुळे पहिली तपासणी ही. युरॅसिल (कॉलममध्ये जवळजवळ न थांबणारं), टोल्युईन आणि त्याहून उशिरा येणारा एखादा न्यूट्रल, ब्युटाइलबेंझीन वगैरे, असं मिक्स मारा. लवकर येणारे पीक जास्त खराब आणि उशिरा येणारे त्या मानाने बरे असतील तर दोष कॉलमचा नाही, सिस्टिमचा आहे, कुठेतरी जाड ट्यूबिंग किंवा नीट न बसलेलं फिटिंग आहे (पीईईके (PEEK) प्लॅस्टिकच्या ट्यूबिंगमध्ये निळी ०.२५ मिलिमीटरची असते, लाल ०.१३ ची, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये कोणीतरी मागच्या वर्षी जी हाताला लागली ती लावलेली असते). सगळे पीक सारखेच वाकडे असतील तर पॅकिंग किंवा फ्रिट (कॉलमच्या टोकाची जाळी). आणि सगळे सरळ आहेत पण जितका उशीर तितके प्रमाणाबाहेर पसरट, असं असेल तर पोअरच्या आत रेणूंची ये-जा अडखळतेय, म्हणजे बाँडेड लेयर जाड झालाय किंवा पोअरची तोंडं बुजलीत.

हे कन्फर्म करायचं तर फ्लो बदलून बघा, ०.२ पासून १.५ एमएलपर्यंत सहासात पॉइंट घ्या आणि प्लेटची उंची काढत जा. १९५६ पासून व्हॅन डीम्टरच्या नावाने ओळखला जाणारा तोच ग्राफ, आपण एमएस्सीला पाठ करतो आणि मग कधी वापरत नाही. फ्लोबरोबर उंची झपाट्याने चढत गेली तर मास ट्रान्सफरची (रेणूंच्या ये-जाची) अडचण, म्हणजे केमिस्ट्रीचा संशय खरा. फ्लो काहीही ठेवा, उंची वरच्या वर जवळजवळ सपाट, तर पॅकिंग. एक दिवसाचं काम आहे आणि थीसिसमध्ये एक फिगर फुकट मिळते.

मला वाटतं तुमचं पॅकिंगच निघेल. तुम्ही लिहिलंय की कॉलम एचपीएलसीच्याच पंपाने ५ एमएल फ्लोवर भरला. तिथेच मुळात घोळ आहे. स्लरी कॉलममध्ये हळूहळू झिरपायला नको, ती एकदम आदळायला हवी, सुरुवातीलाच प्रेशर मिळायला पाहिजे. ५ मायक्रॉनसाठी मी न्यूमॅटिक ॲम्प्लिफायर पंपावर ४०० ते ५०० बार धरते, मिथेनॉल ढकलते आणि पॅकिंग झाल्यावर प्रेशर एकदम सोडत नाही, अर्धा तास त्याचं त्याला उतरू देते, नाहीतर बेड (भरलेला थर) उशी दाबून सोडल्यासारखा फुगतो आणि तोंडाशी पोकळी राहते. असा पंप विद्यापीठात नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे दोन दिवस जाऊन भरून आणा, लाज वाटायचं कारण नाही.

स्लरीचं सॉल्व्हंट कुठलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं एक उत्तर नाही, ते पृष्ठभागावर अवलंबून आहे. सी-१८ ला जे चालतं ते तुमच्या अमाइडला चालेलच असं नाही. माझी पद्धत एकदम गावठी आहे. वेगवेगळ्या सॉल्व्हंटमध्ये चिमूटभर फेज ढवळायची, एक थेंब काचपट्टीवर, मायक्रोस्कोपखाली बघायचं. कण सुटेसुटे दिसले तर घ्या, द्राक्षांच्या घडासारखे चिकटलेले दिसले तर सोडा. १५० बाय ४.६ मध्ये साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम फेज बसते, तेव्हा अडीच ग्रॅम घ्यायची, २५ एमएलमध्ये, सोनिकेटरमध्ये दोनचार मिनिटंच.

आणि आता एक विचारते, प्रश्नात तुम्ही सांगितलं नाहीत. बाँडिंग करताना ढवळलं कशाने? मॅग्नेटिक बारने रात्रभर ढवळलं असेल तर सिलिका दळली गेलीय. हसू नका, माझी पहिली २० ग्रॅमची बॅच अशीच गेली, सकाळी वरचं टोल्युईन दुधासारखं पांढरं झालेलं आणि मला वाटलं वा, काय छान डिस्पर्शन आलंय. कॉलम भरला तर बॅकप्रेशर नेहमीच्या तिप्पट. मायक्रोस्कोपखाली अर्ध्या गोळ्या आणि भुगा. तो भुगा फ्रिटमध्ये जाऊन बसतो, बेडमध्ये मोकळ्या जागा बुजवतो आणि पीकची वाट लावतो. ओव्हरहेड स्टरर वापरा, तोही पॅडलचा आणि हळू, किंवा फ्लास्क नुसता शेकरवर ठेवा. आणि काहीही केलं तरी पॅक करायच्या आधी फेज मिथेनॉलमध्ये हलवून ठेवायची, जड कण खाली बसले की वरचं गढूळ ओतून टाकायचं, वरचं स्वच्छ येईपर्यंत तीनचारदा. आजी तांदूळ धुवायची तसंच.

आता दुसरा आजार, आणि हा तुमच्याच आकड्यांत लिहिलेला आहे.

तुम्ही म्हणता एफटीआयआरमध्ये १६४० च्या आसपास अमाइडचा पीक आला म्हणजे बाँडिंग झालं. पण सिलिकेवर चिकटलेल्या पाण्याचाही बँड १६३० च्या आसपासच येतो. नुसत्या सिलिकेचा आयआर काढून शेजारी ठेवा, तिथेही उंचवटा दिसेल. सिलिकेवरच्या दोनतीन मायक्रोमोल लिगँडसाठी एफटीआयआर हा पुरावा धरायचाच नाही, पेपरमध्ये सगळे टाकतात म्हणून टाकायचा. खरी गोष्ट सीएचएनएस सांगतो आणि तुम्ही तो करून घेतला पण वाचला नाही.

हिशोब बघा. प्रत्येक अमिनोप्रोपिलमागे एक नायट्रोजन आणि तीन कार्बन. नॅफ्थॉइल बसला की त्यात अकरा कार्बन वाढतात, एकूण चौदा. म्हणजे सगळ्या अमाईनवर नॅफ्थॉइल बसला असता तर कार्बन आणि नायट्रोजनच्या टक्क्यांचं गुणोत्तर १४ गुणिले १२ भागिले १४, म्हणजे बरोबर १२ आलं असतं. तुमचं ९.० भागिले १.१ म्हणजे ८.२. उलटं सोडवलं तर एका नायट्रोजनमागे साडेनऊच्या वर थोडे कार्बन येतात, तीन वजा केले की साडेसहा उरले, अकराने भागा. साठ टक्के. म्हणजे शंभरातल्या चाळीस अमाईन तशाच उघड्या बसल्यात. आणि हे मी सौम्यपणे धरतेय, कारण ट्रायइथॉक्सी सायलेनचे सगळे इथॉक्सी जात नाहीत, उरलेल्यांचा कार्बनही त्या नऊ टक्क्यांत मोजला गेलाय, म्हणजे खरं कन्व्हर्जन साठच्याही खाली असणार.

नायट्रोजनवरून पृष्ठभागाचा हिशोब केला तर चौरस मीटरला साधारण तीन मायक्रोमोल सायलेन बसलंय. ते चांगलं आहे हो, पहिली पायरी तुम्ही व्यवस्थित केलीत. पण त्यातले सव्वा मायक्रोमोलच्या आसपास फुकट्या अमाईन. तुम्ही बनवलीत ती नॅफ्थाइल फेज नाहीच, ती नॅफ्थाइल आणि अमिनो यांची मिक्स्ड-मोड फेज आहे, आणि मिश्रणाचं प्रमाण तुम्ही ठरवलेलं नाही, त्या दिवशीच्या ॲसिड क्लोराईडच्या मूडने ठरवलंय.

पटत नसेल तर कॉलमलाच विचारा. पीएच ६ च्या फॉस्फेट बफरमध्ये बेंझोइक ॲसिड सोडा. साध्या सी-१८ वर ते जवळपास व्हॉइडलाच (अजिबात न थांबता) बाहेर पडतं कारण ते निगेटिव्ह झालेलं असतं. तुमच्याकडे ते निवांत उशिरा, जाडजूड होऊन येईल, कारण उघड्या अमाईन पॉझिटिव्ह होऊन त्याला धरून ठेवतात. याउलट ॲमिट्रिप्टिलिनसारखा बेस टाकलात तर कदाचित सुंदर सरळ पीक येईल, आणि तिथे फसू नका, ते तुमच्या बाँडिंगचं यश नाही, पृष्ठभागावरचे पॉझिटिव्ह अमाईन त्या पॉझिटिव्ह बेसला जवळच येऊ देत नाहीत एवढंच. मी असे पेपर पाहिलेत जिथे याच गोष्टीला लिगँडची कमाल म्हटलंय. शिवाय उघड्या अमाईनचा आणखी एक त्रास, त्या स्वतःच्याच मुळाशी पाण्याला कुऱ्हाड आणून देतात. सायलेनचा सिलिकेशी असलेला बाँड तुटायला अमाईन मदत करते, म्हणून अमिनो कॉलम पाण्याच्या मोबाइल फेजमध्ये फार जगत नाहीत हे तुम्ही कुठल्याही क्यूसी लॅबमध्ये विचारा.

मग करायचं काय? उरलेल्या अमाईन ॲसेटिक ॲनहायड्राइडने बंद करता येतात, बरेच लोक करतात, पण मग पृष्ठभागावर तिसराच पाहुणा येतो. मी तुमच्या जागी असते तर क्रमच उलटा केला असता. आधी फ्लास्कमध्येच अमिनोप्रोपिल सायलेन आणि नॅफ्थॉइल क्लोराईड यांचं अमाइड करून घ्यायचं, कोरड्या टीएचएफ सॉल्व्हंटमध्ये, ट्रायइथाइल अमाईन घालून, थंडीत. मीठ गाळून टाकायचं, सॉल्व्हंट उडवायचं, एनएमआरवर बघायचं की सगळी अमाईन संपली, आणि मग ते तयार सायलेन एकाच पायरीत सिलिकेवर बसवायचं. आता जे बसेल ते पूर्ण लिगँडच असेल, अर्धवट काही नाही. एक इशारा, हे सायलेन शुद्ध करायला सिलिका जेलच्या कॉलमवर चढवू नका, ते तिथेच बाँड होऊन बसेल, आमच्या एका ट्रेनीने केलं होतं, जेलची फेज छान झाली म्हणायची.

कव्हरेज थोडं कमी येईल, तीनऐवजी दोनअडीच, कारण मोठा ग्रुप जास्त जागा खातो. चालेल. तसंही सगळे सिलॅनॉल कधीच झाकले जात नाहीत, सिलिकेवर चौरस मीटरला साधारण ८ मायक्रोमोल सिलॅनॉल असतात आणि उत्तम सी-१८ बाँडिंगसुद्धा चाराच्या आत थांबतं, शेजारच्या साखळीचा धक्का लागतो म्हणून जागा असून बसता येत नाही, गर्दीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसारखं. म्हणूनच छोट्या ट्रायमिथाइलसिलिलने एंडकॅपिंग (उरलेले सिलॅनॉल झाकणं) करतात आणि तरी बरेच उरतातच. म्हणून सुरुवातीची सिलिका शुद्ध, कमी मेटलची असणं महत्त्वाचं, कारण लोखंड आणि ॲल्युमिनियमचे अंश शेजारच्या सिलॅनॉलला जास्त ॲसिडिक करतात. पाकिटावर टाइप बी असं लिहिलंय का बघा. फ्लॅश क्रोमॅटोग्राफीची स्वस्त सिलिका आणून तिच्यावर महागडा लिगँड बसवणारे लोक मी पाहिलेत.

हवेतल्या ओलाव्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही कोकणपट्टीत आहात म्हणालात. ट्रायइथॉक्सी किंवा ट्रायक्लोरो सायलेनला तीन हात असतात, पाणी मिळालं की ते एकमेकांचेच हात धरतात आणि पोअरमध्ये गुंता होतो. मी अंबरनाथला एका कंपनीत असताना एप्रिलमध्ये बसवलेली पद्धत जुलैमध्ये चालेना, कार्बन अचानक दोन टक्क्यांनी जास्त यायला लागला, मॅनेजर खूश, म्हणे लोडिंग वाढलं, आणि कॉलम मात्र पसरट पीक द्यायला लागले. सिलिका ओव्हनमधून काढून वजन करेपर्यंतच पाणी ओढत होती. तेव्हापासून सिलिका व्हॅक्यूममध्ये १२० ला रात्रभर, त्याच फ्लास्कमध्ये थंड, त्याच फ्लास्कमध्ये टोल्युईन, उघडायचंच नाही. गंमत म्हणजे हाच गुंता मुद्दाम आणि मोजून पाणी घालून केला तर ती चूक राहत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत सँडर आणि वाइज यांनी अशा पॉलिमरिक सी-१८ वर खूप काम केलंय, सपाट आणि वळलेले पॉलीॲरोमॅटिक रेणू त्या फेजवर जसे वेगळे होतात तसे साध्या मोनोमेरिकवर होत नाहीत. म्हणजे पाणी वाईट असं नाही, किती घातलं ते माहीत नसणं वाईट.

आता शीर्षकातला मुद्दा. नवीन सायलेन बनवायला घ्यायच्या आधी त्याच बाटलीतली सिलिका घ्या आणि तिच्यावर ऑक्टाडेसिल डायमिथाइल क्लोरोसायलेन बसवा. एक हाताचं सायलेन, गुंता व्हायची भीती नाही, कोरडं टोल्युईन, इमिडाझोल, रात्रभर रिफ्लक्स, धुणं, वाळवणं. तुमच्याच हाताने, त्याच पंपावर, त्याच फ्रिटमध्ये पॅक करा. हा तुमचा कंट्रोल. याने ३००० प्लेट्स दिल्या तर लिगँड निर्दोष, पॅकिंग शिका. १२ हजार दिल्या आणि नॅफ्थाइलने ३००० च दिल्या तर केमिस्ट्रीत शोधा. हा कंट्रोल नसेल तर तुम्ही वर्षभर अंदाजपंचे लिगँड बदलत राहाल, आणि रिव्ह्यूअरपण तेच विचारणार आहे की तुलना कशाशी केली, कंपनीच्या विकतच्या सी-१८ शी? त्याची सिलिका वेगळी, पोअर वेगळे, पॅकिंग वेगळं, ती तुलनाच होत नाही.

त्या सी-१८ चं कव्हरेज नुसत्या कार्बनच्या टक्क्यावरून ठरवू नका. ३०० चौरस मीटरच्या सिलिकेवर १७ टक्के कार्बन आला तर हिशोबाने चौरस मीटरला साधारण ३.० मायक्रोमोल होतात. १७० चौरस मीटरवाल्या सिलिकेवर १२ टक्केच आला तर ३.५ होतात. म्हणजे कमी कार्बनवाला जास्त दाट विणलेला. कॅटलॉगमधला कार्बन लोड बघून कॉलम घेणारे अख्खे परचेस डिपार्टमेंट मी पाहिलेत, त्यांना हे समजावून थकले.

मग दोन्ही कॉलमवर तनाकाची टेस्ट लावा, १९८९ मध्ये त्यांच्या गटाने मांडलेली, अजूनही इतकी साधी आणि बोलकी दुसरी टेस्ट नाही. पेंटाइलबेंझीन आणि ब्युटाइलबेंझीन यांच्या रिटेन्शनचं (कॉलममध्ये किती थांबतात त्याचं) गुणोत्तर, ८० टक्के मिथेनॉलमध्ये, म्हणजे एका सीएच-टूचा फरक फेजला किती कळतो. ट्रायफिनिलीन आणि ऑर्थो-टरफिनाइल, एक चपटा आणि एक पिळलेला, म्हणजे आकार किती कळतो, आणि नॅफ्थाइलचं खरं वेगळेपण तुम्हाला इथेच दिसायला हवं. कॅफीन आणि फिनॉल, हायड्रोजन बाँडिंगसाठी. बेंझाइलअमाईन आणि फिनॉल, एकदा पीएच ७.६ ला आणि एकदा २.७ ला, आयन एक्स्चेंजसाठी. पीएच २.७ ला तुमच्या आत्ताच्या कॉलमवर बेंझाइलअमाईन युरॅसिलच्याही आधी बाहेर पळालं तर वरचा अमाईनचा सगळा हिशोब सिद्ध झाला असं समजा.

आणि पाय-पाय (π-π, ॲरोमॅटिक रिंगांमधली ओढ) इंटरॅक्शन दाखवायचं असेल तर ॲसिटोनायट्राइल बाजूला ठेवा, मिथेनॉल वापरा. ॲसिटोनायट्राइलचे स्वतःचे π इलेक्ट्रॉन मध्ये येतात, फिनाइल आणि नॅफ्थाइल फेज त्यात जवळजवळ सी-१८ सारख्याच वागतात आणि मग लोक म्हणतात लिगँडमध्ये दम नाही. तुम्ही ६० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये रन केलंय. समजलं ना? शिवाय नायट्रोॲनिलीनचे आयसोमर तुमच्या कंट्रोल सी-१८ वर सहज सुटत असतील तर ते उदाहरणच चुकीचं निवडलंय, जे सी-१८ ला जमत नाही असं काहीतरी पुढे ठेवा.

आता एमओएफचं. मी विरोधात नाही. पण त्यात तुमचे आत्ताचे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे राहतात आणि वर दोन नवीन येतात. एमओएफचे स्फटिक नुसते भरले तर ते गोल नसतात, आकार वेडेवाकडे, प्रेशर चढतं, प्लेट्स पडतात. म्हणून सिलिकेच्या गोळीवर त्यांचा थर चढवतात, आणि तो थर किती जाड, किती सलग हे बॅचगणिक बदलतं. शिवाय त्यांच्या खिडक्या काही अँगस्ट्रॉमच्या, रेणू आत जायला धडपडतो आणि बाहेर यायला त्याहून जास्त, म्हणजे व्हॅन डीम्टरचा शेवटचा भाग उभाच चढणार. स्थिरतेचं विचाराल तर कुठला निवडता त्यावर आहे. झिर्कोनियमचा यूआयओ-६६ पाण्यात बऱ्यापैकी तग धरतो, झेडआयएफ-८ ॲसिडमध्ये विरघळायला लागतो, एचकेयूएसटी-१ ला पाणीच सोसत नाही, आणि रिव्हर्स्ड फेजमध्ये (जिथे फेज तेलकट आणि सॉल्व्हंट पाण्याचं) पाणी नाही असं कसं चालेल. झायलीनच्या आयसोमरसारख्या ठिकाणी, जिथे खिडकीचा आकारच निवड करतो, तिथे एमओएफला अर्थ आहे. नुसत्या नॉव्हेल्टीसाठी नको.

आणि नॉव्हेल्टी म्हणजे नवीन लिगँडच का हो? हॉवर्ड आणि मार्टिन यांनी १९५० मध्ये किसलगुरला (सिलिकायुक्त मातीला) डायमिथाइल डायक्लोरोसायलेनची वाफ देऊन पहिली रिव्हर्स्ड फेज केली, आज आपण जे करतो ते मूळ केमिस्ट्रीच्या बाजूने त्याचंच पुढचं रूप आहे. त्यानंतर रोजच्या कामात ज्या उड्या आम्हाला जाणवल्या त्यातल्या बऱ्याच कणाच्या आहेत. सिलिका शुद्ध झाली. मग वॉटर्स कंपनीने १९९९ च्या सुमारास सिलिकेच्या सांगाड्यातच कार्बन घालून हायब्रिड कण आणले, त्यामुळे जास्त पीएचला सिलिका विरघळण्याचा त्रास खूप कमी झाला. मग २००६ च्या सुमारास कर्कलँड यांच्या गटाचे कोअर-शेल कण आले, आत १.७ मायक्रॉनची भरीव गोळी, वर अर्ध्या मायक्रॉनचं सच्छिद्र कवच, एकूण २.७. तिन्ही वेळा लिगँड तोच, आपला जुना सी-१८. गाईडना हे सांगून बघा, म्हणजे भांडण नाही, चर्चा.

लिगँडनेही क्रांती होते, नाही असं नाही. ओकामोटोंच्या सेल्युलोज आणि अमायलोजच्या कार्बामेट फेजशिवाय आजचं कायरल (आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे रेणू वेगळे करायचं) काम विचारच करता येत नाही, आणि अल्पर्टने १९९० मध्ये हिलिक (पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणारी पद्धत) हे नाव दिलं तेव्हापासून मेटफॉर्मिनसारख्या सी-१८ वर न थांबणाऱ्या रेणूंची सोय झाली. पण या दोन्हींत गरज आधी होती. तुमची गरज काय आहे, कुठली जोडी वेगळी करायचीय, ते एका वाक्यात लिहून टेबलावर चिकटवा. सिलेक्टिव्हिटी (दोन रेणूंच्या रिटेन्शनचं गुणोत्तर) १.०५ वरून १.१० झाली तर रेझोल्यूशन (दोन पीक किती सुटे दिसतात) जवळजवळ दुप्पट होतं, तेच काम नुसत्या प्लेट्सनी करायचं तर साडेतीन पटीहून जास्त प्लेट्स लागतील. म्हणजे चांगल्या लिगँडची ताकद खरीच आहे, फक्त ती दिसायला आधी बेड नीट हवा.

माझ्या सांगण्यात एक गोष्ट परिस्थितीवर आहे ती कबूल करते. तुमच्याकडे वर्षच उरलं असेल आणि एक पेपर हवा असेल तर उरलेल्या अमाईनना लपवू नका, उलट मिक्स्ड-मोड फेज म्हणूनच मांडा, प्रमाण मोजून, तीन वेगवेगळ्या कन्व्हर्जनच्या बॅच करून, ॲसिडिक आणि न्यूट्रल रेणू एकत्र सोडवून दाखवा. प्रामाणिक काम होईल ते. पण फेज प्रॉडक्ट म्हणून न्यायची असेल तर एका पायरीचंच बाँडिंग, आणि तीन बॅच सलग सारख्या आल्याशिवाय कोणाला सांगायचं पण नाही. शिवाय ०.१ टक्के टीएफए (एक ॲसिड), ६० अंश, आठवडाभर चालू ठेवून रिटेन्शन किती घसरतं ते बघायचं, ते न बघता फेज स्टेबल आहे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

सध्या एवढंच करा. नवीन काही बनवू नका, आहे त्याच कॉलमवर युरॅसिल-टोल्युईन-ब्युटाइलबेंझीनचा एक रन, पीएच ६ ला बेंझोइक ॲसिडचा एक, आणि नायट्रोॲनिलीनचा एक पण मिथेनॉलमध्ये. तिन्ही क्रोमॅटोग्राम आणि बॅकप्रेशर इथेच टाका. ढवळलं कशाने तेही खरं खरं सांगा.